धुळाप्पाचा अर्धा इंच

नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात धुळाप्पा गादीवर बसायचा, पण उजवा पाय सरळ पुढे करून. गिऱ्हाइकाकडे पाय करणं बरं दिसत नाही, म्हणून त्या पायावर तो एखादं लुगडं उलगडून ठेवी. बाईनं लुगडं उचललं की खालून पाय निघायचा.

एकदा एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, हा पण विकायला काढलाय का?"

"घेऊन जा की, आज्जी. पर परत घेणार न्हाय, आदीच सांगतो."

हे त्र्याहत्तर सालातलं. आदल्या डिसेंबरात नंदीध्वजाच्या सरावात तो पडला होता. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा असते, तिच्यात उंच, जड नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. एका वेळी एकच माणूस ध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून चालतो, बाजूचे फक्त आधाराला. धुळाप्पाच्या भावकीकडे एका ध्वजाचा लहानसा टप्पा होता, पिंपळापासून पुढच्या चौकापर्यंत. तो आधी वडील बसवराज चालले, त्यांच्यामागे सोळा वर्षं धुळाप्पा. सरावात ओल्या फरशीवर पाय सटकला आणि अंग एकीकडे, गुडघा दुसरीकडे झाला. हाड शाबूत राहिलं, आतले बंध ताणले गेले. सहा आठवडे प्लास्टर. त्या जत्रेत चुलतभाऊ शिवशरण चालला, आणि नीट चालला.

नंतर भावकी बसली. सलग दोन वर्षं ज्याच्यानं होणार नाही, त्यानं टप्पा सोडायचा, असं ठरलं. ठरताना धुळाप्पानंही मान हलवली होती. पुढच्या संक्रांतीला चालला नाही तर टप्पा कायमचा शिवशरणचा.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय पाहून त्याची बायको ईरम्मा त्यावर चादर ओढू लागली. मांडी वाळक्या काकडीसारखी झाली होती. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या वच्छलाबाई होत्या. वैराग गावच्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी टेप काढला आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी एकोणीस इंच, उजवी सतरा.

"दोन इंच कमी," बाई म्हणाल्या. "गुडघा धरून ठेवायचं काम या मांसाचं असतं. तेच गेलंय. ते भरून आणू, मग ध्वजाचं बोलू."

व्यायाम ऐकून धुळाप्पाला लाजच वाटली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबून पाच मोजायचे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. महिन्याभरानं ईरम्मानं मांजरपाटाची पिशवी शिवली, तिच्यात अर्धा किलो वाळू भरली. ती घोट्याला बांधून बाजेच्या कडेला बसायचं आणि पाय वर न्यायचा.

"खाली आणताना सावकाश," बाईंनी बजावलं. "पाच मोजत आणायचा. धपकन सोडलात तर निम्मा व्यायाम वाया."

कापड मोजण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला मोजायची गोडी लागली. दर सोमवारी सकाळी तो दुकानाच्या टेपनं मांडी मोजी. चैत्रात साडेसतरा झाली. त्या दिवशी त्यानं ईरम्माला दोनदा बोलावून टेप दाखवला.

"बघितलं की. आता भाकरी खाताय का टेपच खाताय?"

पण तालमीत जाणं त्याला सुटेना. तिथले वस्ताद वीरभद्रप्पा म्हणजे त्याचे गुरूच. सगळं ऐकून ते पोट धरून हसले.

"पाय वर, पाय खाली? आरं, पाळण्यातलं पोर करतंय की ते! तुजा बा माज्यासंगं पाचशे बैठका मारायचा. बैठक मार, गुडघा आपोआप वंगण धरतोय."

वडिलांचं नाव निघालं आणि धुळाप्पाचं डोकं फिरलं. बाईंना न सांगता त्यानं श्रावणात बैठका धरल्या. आधी वीस, मग साठ, मग शंभर. वाळूची पिशवीही चालूच होती. दोन्ही केलं तर दुप्पट लवकर बरं होईल, असा त्याचा साधा हिशेब होता. गुडघा रात्री ठणकायचा, पण मेहनतीत ठणकायचंच, असं तालमीत लहानपणापासून ऐकलेलं. पंधराव्या दिवशी सकाळी गुडघा नारळाएवढा झाला आणि पाय टेकवेना.

वच्छलाबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. "पाणी भरलंय. काय केलंत?"

"काय न्हाय."

बाईंनी टेप गुडघ्याभोवती फिरवला. "दीड इंच जास्त. टेप खोटं सांगतोय का, धुळाप्पा?"

 जन्मभर गिऱ्हाइकाला तो हेच विचारत आला होता.

"बैठका मारल्या," तो पुटपुटला.

"किती?"

"शंभर."

"दिवसाला?"

"सकाळच्या शंभर."

"आणि संध्याकाळी?"

धुळाप्पा छताच्या पंख्याकडे बघू लागला.

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच त्याला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "बैठक वाईट नाही. पण पार खाली बसलात की सगळा भार गुडघ्यावर, आणि तो पेलणारी मांडी अजून तयार नाही. एक खूण सांगते. आज केलं ते बरोबर का चूक, ते उद्या सकाळी गुडघ्याला विचारायचं. सूज नसेल तर बरोबर. असेल तर कमी करायचं. बंद नाही, कमी."

पुन्हा टॉवेलपासून सुरुवात झाली. महिना गेला. मग पिशवी एक किलोची झाली, पुढे दोनची. दारापुढे एक वीट मांडून तिच्यावर चढायचं, सावकाश उतरायचं. नंतर दोन विटा. उंच स्टुलावर हात न टेकता बसायचं, उठायचं. दिवाळीनंतर बाईंनी वजन घेऊन चालायला परवानगी दिली. धुळाप्पानं मांजरपाटाचं एक ठाण कमरेशी धरलं आणि दुकान बंद असताना गल्लीत फेऱ्या घातल्या. आठवड्यानं दोन ठाणं, मग तीन. शेजारचा सराफ ओसरीवरून म्हणायचा, "धुळाप्पा, माल हलवताय का मालकाला न सांगता?"

मार्गशीर्षात तो सरावाला गेला. पट्ट्यात ध्वज घेऊन पहिल्या दिवशी दहा पावलं, शेवटी शेवटी टप्प्याच्या निम्म्यापर्यंत. त्याच्या पुढे गेला की दुसऱ्या सकाळी गुडघा फुगायचा. दोनदा पाहिलं, दोनदा फुगला.

जत्रेच्या दिवशी पहाटे आंघोळ करून त्यानं मांडी मोजली. साडेअठरा. टेप जरा सैल धरून पाहिला. साडेअठराच.

पिंपळाखाली पांढरी बाराबंदी घातलेली भावकी जमली होती, वस्तादही आले होते. धुळाप्पा सगळ्यांदेखत म्हणाला, "मी निम्म्यावर देणार. अर्धा इंच कमी हाय."

"अर्ध्या इंचानं काय होतंय?" वस्ताद खेकसले. "मधी सोडलास तर टप्पा जाईल."

"वस्ताद, अर्धा इंच कमी भरला तर गिऱ्हाईक चोळी परत आणून तोंडावर टाकतंय. हितं तर खाली लेकरंबाळं हुबी असत्यात."

 शिवशरणनं नुसतं विचारलं, "कुटं हुबा राहू?"

"कासाराच्या दुकानापाशी. तितं निम्मं होतंय."

ध्वज पट्ट्यात बसला. मग पाय चालू लागले. गर्दी ओरडत होती, वाजंत्री कानाशी होती, आणि गुडघा गप्प होता. कासाराचं दुकान आलं तेव्हा त्याला वाटलं, अजून जमेल. सहज जमेल. मागून कुणी तरी ओरडलंच, "चल की पुढं, धुळाप्पा!"

तो थांबला. शिवशरणनं पट्टा भिडवला. धुळाप्पानं भार एकदम सोडला नाही, तोंडातल्या तोंडात पाच मोजत दिला. एक, दोन, तीन. पाचाला हात सुटले.

चौकात ध्वज पोचल्यावर वस्ताद म्हणाले, "आता शब्दाप्रमाणं टप्पा शिवशरणचा."

शिवशरण घाम पुसत होता. "माजा कसा? पिंपळापासनं मी कुटं चाललो? चालला त्यो ह्यो. कासारापासनं माजा घ्या." वस्तादांनी हिंदुरावकडे, भावकीतल्या सगळ्यात थोरल्या माणसाकडे पाहिलं. हिंदुरावनं मान हलवली, आणि टप्पा दोघांत राहिला.

दुसऱ्या सकाळी गुडघ्याला सूज नव्हती. वच्छलाबाईंनी टेप फिरवून खात्री केली.

"किती चाललात?"

"निम्मं."

"आणि राहिलेलं?"

धुळाप्पानं थैलीतून वाळूची पिशवी काढून टेबलावर ठेवली. "हिच्यात अजून अर्धा किलो घालू का, ते विचारायला आलोय."