बारव वर आली

नागपूरहून निघालो तेव्हा आम्हा तिघांची तोंडं तीन दिशांना होती. देशमुख डॉक्टरकी शिकत होते, वानखडे सॅनिटरी इन्स्पेक्टरचं आणि मी नर्सचं. चैत्रात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावी जाऊन नारूबद्दल, म्हणजे पायातून निघणाऱ्या लांब जंताच्या रोगाबद्दल, लोकांना शिकवायचं, तेही एकत्र, असं आमच्या शिक्षकांनी ठरवलं. मलकापूरला मावशी राहते म्हणून आईने मला सोडलं.

आगगाडीने मलकापूरला उतरलात तर वरणबट्टी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मावशीने इतकं तूप ओतलं की देशमुखांचं पथ्यावरचं व्याख्यान घशातच राहिलं. तिथून मोताळ्यापर्यंत मोटार मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सकाळीच जाऊन जागा धरावी. पुढे बैलांची दमणी. धुळीने केस पांढरे होतात, पण रोहिणखेडची जुनी मशीद दिसली की त्या हालांचं काही वाटत नाही. मी तर मान वळवून वळवून पाहत राहिले.

आमचं ठरलेलं गाव तिथून जवळच. पाणी एकाच बारवेचं. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहतात आणि घागर बुडवतात. पायाला नारूचा फोड असला तर तो पाण्यात फुटतो, नारूची पिल्लं पाण्यात जातात आणि तेच पाणी घरोघर प्यायलं जातं. पाटलांच्या ओसरीवर आम्ही तीन भाषणं ठोकली. देशमुख म्हणाले पाणी उकळा, वानखडे म्हणाले बारवेत उतरू नका, मी म्हणाले दुहेरी फडक्याने गाळा. लोकांनी माना डोलावल्या आणि ते घागरी घेऊन बारवेत उतरले.

दुसऱ्या दिवशी मी सरू नावाच्या बाळंतिणीला पाहायला गेले. दोन मुलं गेल्यावर हा मुलगा जगला होता, आणि पुढच्या सकाळी तिच्या हातून बारवेची पूजा व्हायची होती. बाळंतिणीचा पाय बारवेच्या पाण्याला लागला की लेकराची राखण होते, अशी इथली श्रद्धा. मी तिचा डावा पाय पाहिला आणि लगेच देशमुखांना बोलावणं धाडलं. घोट्यावर नारूचा फोड टरारला होता.

देशमुख वानखड्यांना घेऊन आले, पाय पाहिला आणि म्हणाले, "पूजा बंद."

सरूची सासू ताडकन उठली. "काऊन बंद? माहा नातू जगला नाई पायजे का तुमाले?"

"बारवेले कुलूपच लावतो," वानखडे म्हणाले.

"लाव तुह्या घराले!"

ओसरीवर येऊन आम्ही तिघं कडाकडा भांडलो. शेवटी मी म्हणाले, "पाय पाण्याला लागायला हवा ना? मग पाणीच वर आणू." वानखडे लगेच कप्पी कुठे बसेल ते पाहायला बारवेवर गेले. देशमुख म्हणाले, "पट्टी घट्ट बांधा. उजवा पाय चालेल." तासाभरापूर्वी एकमेकांवर ओरडणारी हीच माणसं का, असं मला वाटलं.

सासूला सांगितलं, तर ती म्हणाली, "अन् पाणी ओढीन कोन?"

"हे डॉक्टर."

"हे? यायच्या हाताले तं घट्टे बी नाईत!" पण ती हसली, आणि तयार झाली.

सकाळी मी सरूच्या डाव्या पायाला पट्टी बांधली. वानखड्यांनी कप्पीचे खांब धरले. देशमुखांनी डोक्यावरची हॅट सांभाळत, कुंथत पहिली बादली ओढली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाणी परातीत ओतलं, सरूने उजवा पाय बुडवला. सासूने परातीला हळदकुंकू वाहिलं, मग दोराला, आणि म्हणाली, "बारव वर आली माय." माझे डोळे भरून आले. ते पाणी वानखड्यांनी लांब बांधावर नेऊन टाकलं. पुढे आम्ही होतो तोवर देशमुख रोज काडीवर थोडा थोडा नारू गुंडाळत सरूच्या पायाशी बसत.

नागपूरला परतल्यावर वाटलं, आपली पाठ वळली की सगळं पहिल्यासारखं होणार. दिवाळीला मावशी आली. तिचं त्या गावात जाणं झालं होतं.

"तिकडं आता बारव वरच पूजतात वं," ती म्हणाली. "खाली कोनी उतरत नाई. पन रीत मोठी कडक! एकानं खांब धरा लागते. दुसऱ्यानं टोपी घालून पयली बादली ओढा लागते. अन् एका बाईनं बाळंतिणीच्या डाव्या पायाले पट्टी बांधा लागते."

"पाय चांगला असला तरी?"

"हाव. तिघं असल्याबिगर पूजा पावत नाई म्हनतात."