दुसऱ्या भागाआधीचा सत्कार

कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो कुठे घुसडावा याला काही धरबंध?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी रचलेला तीन भागांचा एक जुना युरोपियन कॉन्चेर्टो मी आणि ताई वर्षभर घोटत होतो. नाशिक रोडच्या आमच्या घरात पियानो एकच. एकीने तो वाजवायचा आणि दुसरीने जेवणाच्या टेबलावर बोटं आपटायची. "टेबल सुरात आहे ना गं?" म्हणून बाबा चिडवायचे. ताईचं लग्न ठरलं होतं, नवरा परदेशात. तिच्यासोबत वाजवायची ही एकच संधी होती. माझा सगळा जीव दुसऱ्या, संथ भागात अडकलेला. त्यात एकच सुरावट दोघी आलटून पालटून वाजवतात.

कार्यक्रमासाठी दुसरा पियानो एका शाळेने दिला. तो द्राक्षांच्या टेम्पोतून हॉलवर आला. ऑर्केस्ट्राचे वादक मुंबईहून आले. पहिला भाग झकास झाला. दोन भागांच्या मध्ये क्षणभर शांतता असते. ती झाली मात्र, निवेदक माइक घेऊन धावलेच.

"वा! आता या भगिनींचा सत्कार!"

ऑर्केस्ट्राच्या संचालकांनी हात हलवून त्यांना थांबवायला पाहिलं. निवेदकांना वाटलं, ते अभिवादन करताहेत. शाल, श्रीफळ, गुच्छ. मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले आणि संगीत सोडून द्राक्षांच्या निर्यातीवर घसरले.

"अहो काका, अजून दोन भाग राहिलेत!" मी निवेदकांना म्हटलं.

"पुढच्या वर्षी घेऊ की, बेटा," ते हसून म्हणाले. हातातला नारळ त्यांच्याच पायावर टाकावासा वाटला.

पाहुणे निघाले तसे लोकही उठले. वादकांना मुंबईची गाडी गाठायची होती. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती आणि ताई मात्र थोरामोठ्यांना वाकून नमस्कार करत होती. मला तिचाही संताप आला. त्याच महिन्यात ती सासरी गेली.

बऱ्याच वर्षांनी ती माहेरी आली तेव्हा मी तिला पियानोकडे ओढत नेलं.

"नको गं, माझा हात पार गेलाय. तू वाजव, मी ऐकते," ती म्हणाली.

मी दुसरा भाग सुरू केला. चार ओळी वाजवल्या आणि तिची पाळी आली म्हणून थांबले.

"छान होतं. कुठलं गं हे?" ताई म्हणाली. "थांबलीस का?"