मे महिन्यातला पायघोळ कोट

पायघोळ कोट आणि तिरपी हॅट घातलेल्या एका माणसाने मला फसवलं, आणि त्याच्या नादाने मी माझ्या गुराख्याला चोर ठरवलं. पहिली गोष्ट मी चारचौघांत सांगतो. दुसरी इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मी जनावरांचा व्यापारी. दुसऱ्यांच्या म्हशी वळण्यापासून सुरुवात केली. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. एवढ्या वर्षांत रुमालाखाली मला कुणी फसवलं नाही. शिंगं तासून वय लपवलेला बैल मी चालीवरून ओळखतो. म्हणूनच जे झालं ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

दोन उन्हाळ्यांमागे गावात लग्न होतं. सगळं गाव पंगतीला बसलेलं असताना माझ्या गोठ्यातून लाल कंधारी बैल गेला. गोठ्यावर एकटा गुराखी होता. तो माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला आबा म्हणायचो. बावीस वर्षं माझी जनावरं त्याच्याच हाती होती. बाकीची पाण्यावर नेऊन तो परत आला तर खुंट्याला नुसतं दावं लोंबत होतं.

"मालक, दावं सुटलेलं न्हाई, कापलेलं हाय," असं म्हणून त्याने दाव्याचं टोक माझ्यापुढे धरलं. त्याच्यावर संशय घ्यावा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार देऊन मी वडवणीच्या स्टँडसमोर चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर तो बसला होता. गुडघ्याखाली आलेला मातकट कोट, कमरेला पट्टा, कॉलर उभी, डोक्यावर एका डोळ्यावर झुकलेली हॅट. बाहेर डांबर वितळत होतं. शाळेत असताना मी याच स्टँडजवळून रहस्यकथा भाड्याने न्यायचो. जवळजवळ प्रत्येक मुखपृष्ठावर हाच माणूस उभा असायचा, आणि शेवटच्या पानावर चोर त्याच्याच हाती लागायचा. आमच्या जिल्ह्यात असा कोट कुणी शिवत नाही, कुणी घालत नाही. मग हा माणूस दुसरा कोण असणार?

"साहेब, तपासाला आलात का?" मी विचारलं.

त्याने दोन बोटांनी हॅट वर सरकवली. "कसला तपास?"

"बैल गेला हो माझा."

"बसा," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. गोठ्यावर कोण होतं, एवढंच त्याने दोनदा विचारलं. मग मोबदल्याचं ठरवायला मी सवयीने रुमाल टाकून हात पुढे केला. त्याने रुमालाखाली माझा हात धरला आणि पुढाऱ्यासारखा नुसता हलवला. दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो. त्या दिवशी मला वाटलं, मोठा माणूस आहे, घासाघीस करत नाही. मग मीही केली नाही. तोंडाने जेवढे मागितले तेवढे दिले.

घरी बायको म्हणाली, "कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारा माणूस तुमी. आज काय झालतं?"

मी तिला गप्प बसवलं. कोट बघितला असतास तर बोलली नसतीस, असं म्हणालो.

कोटवाला गोठ्यावर आला. घामाने कोटाची पाठ काळी पडली होती, पण पट्टा सैल केला नाही. हौदाजवळच्या चिखलातून खुरांचे ठसे ओढ्याकडे, आबाच्या झोपडीकडे गेले होते. तो भिंग काढून वाकला, टेपने मापं घेतली आणि उभा राहून म्हणाला, "चोर नेहमी घरातलाच असतो."

हे वाक्य मी त्या पुस्तकांत कितीदा वाचलं होतं.

आता जे लिहितोय ते नीट वाचा. त्या बैलाला चोरीच्या दोनच दिवस आधी मी चारी पायांना नवे नाल मारून घेतले होते. नाल मारलेल्या खुराचा काठ चिखलात धारेसारखा उमटतो. ते ठसे बिननालाचे होते, आबाच्या म्हाताऱ्या गायीचे. ती रोज त्याच वाटेने हौदावर यायची. मला ते नजर पडताक्षणी दिसलं, आणि मी बोललो नाही. वाटलं, कोटवाल्याला काहीतरी जास्त दिसत असणार.

संध्याकाळी पारावर गावासमोर त्याने आबाचं नाव घेतलं आणि मी मान डोलावली. आबा त्याच्याकडे बघतही नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"मालक, तुमी म्हनता हे?"

"मी न्हाई. साहेब म्हणतात," मी म्हणालो.

सकाळी आबा बायको, एक ट्रंक आणि ती म्हातारी गाय घेऊन सासुरवाडीला, चकलांब्याला निघून गेला.

पंधरवड्याने माझ्या नालबंदाचा फोन आला. तो युसूफ वडगाव या गावच्या बाजारात नाल मारायला गेला होता. "शेठ, तुमचा बैल हितं हाय. नाल माझ्याच हातचे. मागच्या डाव्या पायाला एक खिळा तिरपा बसलता, तो बी तसाच. इकणाऱ्याला धरून ठिवलंय, या लवकर."

मी पोचलो तेव्हा विकणारा पोलिसांच्या ताब्यात होता. लग्नाच्या गर्दीत टेम्पो लावून बैल नेला, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. आबाचं नाव त्याने ऐकलेलंही नव्हतं. बैल मला चाटत होता.

कोटवाला मला वडवणीतच सापडला. एका नव्या कापड दुकानाच्या दारात, तोच कोट, तीच हॅट, हातात प्लॅस्टिकचं पिस्तूल. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. मी त्याची कॉलर धरली.

"काय बे, तू तपासवाला ना?"

"शेठ, कॉलर सोडा, कोट भाड्याचा आहे," तो म्हणाला. "मी दुकानांच्या उद्घाटनाला उभा राहतो. त्या दिवशी बी त्याच कामाला आलतो. साहेब तुम्हीच म्हणालात. मी तपास करतो, असं एकदा तरी बोललो का?"

"मग पैसे कावून घेतले?"

"तुम्ही दिले."

"आणि त्या माणसाचं नाव कावून घेतलं?"

त्याने हॅट सावरली. "गोष्टीत शेवटी कुणाचं तरी नाव घ्यावं लागतंय. मी घेतलं, तर तुम्ही लगेच मान डोलावली. मला वाटलं, तुम्हाला बी तेच वाटत होतं."

माझी मूठ आपोआप सुटली.

चकलांब्याला गेलो. आबाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. परत चला म्हणालो, काय हवं ते सांगा, आणि रुमाल टाकून हात पुढे केला. त्याने हात घातला नाही.

"मालक, ते खूर बिननालाचे होते. तुमाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं होतं."

"मग कावून बोलला न्हाईत?"

मी रुमाल उचलून खिशात घातला.

"सोयऱ्यांपतुर गेलंय ते," तो म्हणाला. "हितं मला कुनी शेळी बी राखायला देत न्हाई."

मी आमच्या पारावर उभा राहून चूक कबूल केली, मग चकलांब्याच्या पारावरही केली. लोक म्हणाले, बैल मिळाला म्हणून मालकाला दया आली. साहेबाने मापं घेऊन सांगितलेलं खोटं कसं असेल? माझ्या शब्दाला बाजारात वजन आहे, पण त्या कोटापुढे नाही, हे ऐकून मी हबकलो.

ज्या नालबंदाने चोर ओळखला त्याच्या अंगात फाटका बनियन होता. मग चोर धरणाऱ्याला कोट चढवायचं कुणी ठरवलं? ज्यांनी ती मुखपृष्ठं रंगवली त्यांनी मला सांगावं, हा माणूस कधीच चुकत नाही हे कशाच्या आधारावर छापलं?

मी काय केलं याचा जाब आबा मला विचारतोच आहे, आणि तो मला द्यावाच लागेल. पण त्या कोटवाल्याने तोच कोट घालून, तीच हॅट घालून चकलांब्याला यावं. भाडं मी भरतो. पारावर सगळ्यांसमोर हॅट काढावी आणि सांगावं की हा माणूस चोर नव्हता, मी खोटं बोललो. दोनदा निरोप धाडलाय. तो येत का नाही, याचं उत्तर त्याने द्यावं.