एका फळीची आरामशीन

आमच्या घरात निर्णय घेण्याची एक पद्धत आहे. आधी सगळ्यांचं ऐकायचं, मग पुन्हा एकदा ऐकायचं, मग चहा घ्यायचा. चहा होईस्तोवर कोणीतरी नवीन माणूस येतो आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, किती विचारी माणसं आहेत ही. तो गैरसमज फार दिवस टिकला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मोर्शीकडच्या आमच्या वावरात वावधान आलं आणि घरामागचा मोठा कडुनिंब मुळासकट आडवा झाला. संत्र्याच्या बागेला फारसं काही झालं नाही, घरावरचे पत्रेही जागेवर राहिले. माझा धाकटा दीर तिथं राहून शेती पाहतो. पडलेल्या झाडाचा पंचनामा, परवानगी वगैरे त्यानं लगोलग उरकलं. या सगळ्या प्रकरणात झटपट झालेलं तेवढंच एक काम. सरपणवाले येऊन भाव करू लागले तेव्हा माझ्या सासूबाई ओट्यावरून खाली उतरल्या, बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "याची मले बंगई पायजे. एका फळीची. जोडलेली नाई."

बंगई म्हणजे छताला साखळ्यांनी टांगलेला लाकडी झोपाळा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घराच्या बैठकीत एक बंगई होती. तिच्यावर माझे सासरे बसत, त्यांचे थोरले भाऊ बसत, आलेगेले बसत. एकदा म्हणे बियाणं विकायला आलेला अनोळखी माणूस दुपारभर झोपून गेला. बायका बसत नसत. कोणी मनाई केली होती असं नाही. बायका चहा घेऊन येत, आणि हातात ट्रे असला की माणूस बसत नाही. पुढे वाटण्या झाल्या, ती बंगई थोरल्यांकडे गेली. सासूबाईंनी ती आयुष्यभर पुसली, तिच्यावर टेकल्या कधीच नाहीत. सासरे जाऊन आता काही वर्षं झाली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना स्वतःची बंगई हवी होती, गुडघे वळताहेत तोवर पाय वर घेऊन बसायला. या घराकडे त्यांनी मागितलेली ही बहुधा पहिलीच वस्तू. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि त्यांच्या मुलांबद्दल काळजी.

काळजी खरी ठरली. थोरला मुलगा म्हणजे माझे यजमान, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. आम्ही अमरावतीला राहतो. मी शाळेत गणित शिकवते, ते मोबाइल पाहतात. ओंडका तालुक्याच्या आरामशीनीवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीवर, नेला असता तर विषय संपला असता. पण तिथला माणूस म्हणाला, एवढा बुंधा मशीनीत जात नाही, आधी उभा चिरून दोन भाग करावे लागतील. मग सलग फळी कुठली? कारण खरं होतं. आणि आळशी माणसाला एकदा खरं कारण सापडलं की त्याला आवरणं कठीण. त्याच संध्याकाळी यजमानांना एक व्हिडिओ दिसला. कोण्या परदेशात एक म्हातारा आपल्या अंगणात रुळांवरून छोटीशी मशीन ढकलत होता आणि पनीर कापावं तशा फळ्या निघत होत्या.

"पोर्टेबल हाय," यजमान म्हणाले. "झाड मशीनीकडे न्याचं नाई, मशीन झाडाकडे. अन् स्वस्तातही भेटते."

स्वस्तातली मशीन निवडणं हे पुढचे कित्येक महिने आमच्या घरचं मुख्य पीक झालं. खरं तर त्यात निवडण्यासारखं फार नव्हतं. साध्या साखळी-करवतीला चौकट लावली की सगळ्यात स्वस्तात काम होतं, पण दरेक कापाला बोटभर लाकूड भुशात जातं आणि कंबर जाते ती वेगळी. रुळांवर चालणाऱ्या पट्टा-करवतीचं पातं पातळ, लाकूड वाया कमी, फक्त धार राखावी लागते. गोल पात्याचीही एक होती. तिची किंमत ऐकून दिरानं फोनच खाली ठेवला. शहाण्यानं पट्ट्याची घेतली असती आणि मोकळा झाला असता. आमच्याकडे मोबाइलवर गट निघाला. त्यात चुलत आले, मावस आले, बार्शीटाकळीचे एक व्याही आले. त्यांच्याकडे झाड एकही नाही, मतं मात्र मुबलक. कोणी विचारी, एव्हरेज किती देते? कोणी विचारी, विकायला काढली तर भाव येईल का? विजेवरची घ्यावी असं एकानं सुचवलं. आमच्या वावरात पंपापुरती वीज येते ती रात्री, म्हणजे फळ्या घुबडांनीच कापायच्या. इंजिनाच्या हॉर्सपॉवरवरून दोन आतेभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, ते अजून बोलत नाहीत.

तोवर ओंडका उन्हात पडून होता. उन्हानं त्याच्या दोन्ही टोकांना भेगा पडल्या. सासूबाईंनी टोकांवर शेण लिंपलं, वरून ओली पोती घातली. मी रविवारी गेले की त्या माझा हात धरून तिकडे नेत आणि पोतं बाजूला करून दाखवत.

"मांगच्या खेपेले इथं होती. आता पाय, इथं आली."

बंगईला माणूस आडवा होईल एवढी लांब फळी लागते. भेगा दोन्हीकडून आत सरकत होत्या आणि मधलं धड लाकूड कमी होत चाललं होतं. मी यजमानांना हे सांगितलं.

"भेगीचंही पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "दोन व्हिडिओ हायेत त्याच्यावर."

मला इतका संताप आला की त्या रात्री मी त्यांना पानात लोणचं वाढलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी पुढच्या उन्हाळ्यात गटावर कोणीतरी सांगितलं की अकोल्याला जुन्या शहरात एक कारागीर अशी पट्ट्याची मशीन बनवतो. मी हट्टानं सोबत गेले. आधी कडबा-कुट्टीच्या मशीनी बनवणारा, पांढऱ्या दाढीचा शांत माणूस. यजमानांनी हॉर्सपॉवर काढली, दिरानं एव्हरेज काढलं. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साब, पहले झाड बताव. किती जाड हाय?"

यजमानांनी दिराकडे पाहिलं, दिरानं भिंतीकडे. इतके महिने गेले आणि बुंधा कोणी मोजलाच नव्हता. सासूबाईंना फोन लावला. मागितलेलं माप त्यांनी त्याच पावली जाऊन विती घालून सांगितलं आणि वर विचारलं, "आतालोक मोजलं नवतं काहून?" फोन स्पीकरवर होता. दुकानातला पोरगा हसला.

"और फल्ली कितनी निकालनी?" कारागिरानं विचारलं.

"एक," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला. "एक फल्ली के वास्ते मशीन? भाड्यानं लेके जाव नं. मेरा आदमी येईन, काटून देईन, मशीन वापस."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. दोघा भावांचे चेहरे मात्र असे झाले, जणू पंगतीतून उठवलं. "भाड्याची काहून?" दीर म्हणाला. "घरची असली म्हंजे कामात पडते." यजमान म्हणाले, "बाकीचे झाडं हायेतच नं." कुठली झाडं, मी विचारलं. "लावू," ते म्हणाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा. मसाला टेम्पोत घालून आम्ही घरी आणला.

मशीनीला हार घातला, नारळ फोडला, गटावर फोटो टाकले. रूळ कुठं मांडायचे हा प्रश्न आला. घरासमोर चांगलं सिमेंटचं खळं होतं. यजमान म्हणाले, "खळ्यात ठेवली त मंग पोर्टेबल काय राह्यली?" म्हणून रूळ गेले झाडाजवळ, काळ्या मातीत. काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पाणी पडलं की फुगते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्या मातीवरच्या इमारतींना तडे का गेले याची उत्तरं देण्यात यजमानांची अख्खी नोकरी गेली होती. तरी त्यांनी लेव्हलची बाटली धरून रूळ अगदी सरळ लावले, आणि वळवाचा पाऊस येऊन गेल्यावर पुन्हा न पाहता मशीन सुरू केली. पहिली फळी निघाली ती एका टोकाला पाटासारखी आणि दुसऱ्या टोकाला पापडासारखी. दुसरीही तशीच. "मोटरसायकल चढवाले उतार होईन," दीर म्हणाला. बुंध्याच्या वरच्या अंगाचं लाकूड होतं म्हणून बरं. मधलं अजून शाबूत होतं.

सासूबाई इतका वेळ उभ्या होत्या. "जे उरलं ते खळ्यात न्या," त्या म्हणाल्या. "नाईतं सरपणवाल्याले बलावा. म्या आशा सोडली."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण त्यानंतर कोणी गटावर विचारत बसलं नाही. ट्रॅक्टरला साखळी लावून ओंडका ओढत खळ्यात नेला, मशीनही तिथं आणली आणि रूळ सिमेंटवर मांडले. दोन भेगांच्या मधल्या लाकडातून एक सलग फळी निघाली, सासूबाईंच्या उंचीहून वीतभर जास्त. निंबाचा कडू भुसा सगळ्यांच्या नाकातोंडात गेला होता, त्या दिवशीचा चहा कोणालाच गोड लागला नाही. सासूबाई फळीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते भुशाचं नव्हतं.

फळी सावलीत वाळवली. सुतारानं ती घासून गुळगुळीत केली आणि दिवाळीच्या आधी कड्या-साखळ्यांनी ओसरीत टांगली. त्याच दिवशी दुपारी मोठे सासरे मशीन पाहायला आले. ते सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे सासूबाईंचे भासरे. भासऱ्यासमोर बाईनं बसायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचंही नाही ही जुनी रीत. सासूबाईंनी ती लग्नापासून पाळलेली. मोठे सासरे चप्पल काढून थेट बंगईवर बसले. एका बाजूला यजमान बसले, दुसऱ्या बाजूला दीर. ही मशीन विकून याहून मोठी घ्यावी का, यावर बोलणं सुरू झालं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. तिघांनी कप उचलले. बंगई संथ हलत होती, आणि सासूबाई ट्रे धरून बाजूला उभ्या. मी दारात दात आवळून उभी होते. आता आपणच तोंड उघडावं, मग काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवत होते, तेवढ्यात त्यांनी रिकामा ट्रे माझ्या हातात दिला. डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडेच पाहत, पण ओसरीभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सूनबाई, तुह्या मोठ्या सासऱ्यायले खुर्ची दे."

मी खुर्ची एवढ्या चपळाईनं आणली की माझा मलाच अचंबा वाटला. मोठ्या सासऱ्यांनी कपाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं आणि कप सांभाळत उठले. त्यांच्यामागे दोघं भाऊ उठले. सासूबाई बंगईच्या मधोमध बसल्या. आधी एक पाय वर घेतला, मग गुडघ्याला हातानं आधार देत दुसरा.

"झोका दे," त्या थोरल्या मुलाला म्हणाल्या.

यजमानांनी कप खाली ठेवला आणि साखळी धरली. "हळू देऊ, का मंग जरा—"

"इचारत नको बसू," सासूबाई म्हणाल्या. "दे."