तामे, संध्याकाळपर्यंत

परदेशात, डँडेनॉन्गच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. ती पुण्याची, मी नागपूरची. माझं आडनाव कळलं, खोलीतला बुद्ध दिसला आणि आठवड्याभरात तिने माझा कप, ताट, तवा वेगळ्या कपाटात सरकवला. "राग मानू नकोस गं, आमच्या घरची सवय आहे." चिकन तीही खायची, तेव्हा शाकाहाराची सबब नव्हती. मी हसून ऐकून घेतलं. ते हसणं मला अजून डाचतं.

लॉकडाउनमध्ये मी म्हाताऱ्यांच्या एका एज्ड केअरमध्ये काम करत होते. तिथे एक ज्यू आजोबा होते, जन्मभर हिब्रू शिकवलेले. मास्क, गाऊन चढवून मी चहा घेऊन गेले की ओरडायचे, "तामे! तामे!" एकदा मी अर्थ विचारला. त्यांच्या धर्मग्रंथात कातडीचा रोग झालेल्याने तोंड झाकून, छावणीबाहेर राहून असं ओरडायचं असतं म्हणे.

"म्हणजे घाणेरडा?"

"छे! स्वतःच्या बापाच्या प्रेताला हात लावला तरी माणूस तामे होतो. त्यात पाप कसलं? आंघोळ करायची, वाट बघायची. पुष्कळदा तर फक्त संध्याकाळपर्यंत. आणि रोगी बरा झाला, की पुरोहित स्वतः छावणीबाहेर जातो, तपासतो, आत घेतो."

आमच्याकडे याला विटाळ म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या आजीच्या ओंजळीत गावात वरून पाणी ओतायचे. तिला आत घ्यायला कुणी बाहेर आलं नाही. ती मरेपर्यंत तिची संध्याकाळ झाली नाही.

पुढे माझ्या पुण्याच्या हाउसमेटला कोविड झाला. ती खोलीत, मी बाहेर, दोघी घरात कोंडलेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? कागदी ताट मी दाराबाहेर जमिनीवर ठेवायचे. पाणी उंचावरून तिच्या ग्लासात ओतायचे, धार मुद्दाम लांब धरून. ती दारातून म्हणायची, "किती काळजी घेतेस गं! थँक्स, यार." माझा सूड तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

ती बरी झाली. न्हाऊन, केस मोकळे सोडून किचनमध्ये आली. मी कागदी कपात चहा ओतला आणि ओट्याच्या टोकाला ठेवला. हातात दिला नाही.

"अगं, आता मी क्लिअर आहे. सकाळीच मेसेज आला. माझा मग दे ना."

"राग मानू नकोस गं," मी म्हटलं, "आमच्या घरची सवय आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या कपाटाकडे. तिचा चेहरा उतरला तो मी डोळे भरून पाहिला.

"किती दिवस चालणार हे?" तिने हळूच विचारलं.

आजोबांनी शिकवलेलं उत्तर मला येत होतं. ते मी तिला दिलं नाही.