रामेश्वरचा कोरा फोन

रामेश्वर एसी मेकॅनिक होता. जालन्याजवळच्या गावचा, छत्तीस वर्षांचा. कतारमधल्या अल वक्रात तो, बालाजी आणि मी एका खोलीत राहायचो. मागच्या महिन्यात द पर्ल बेटावरच्या एका इमारतीच्या गच्चीवर काम करताना तो कोसळला. हार्ट अटॅक.

त्याला रोमन इतिहासाचा नाद होता. बी.ए. अर्धवट सोडून कतारला आलेला. कामाच्या व्हॅनमध्ये व्याख्यानं ऐकायचा.

"ए लिटरेचर," मी साहित्य शिकलेला म्हणून तो मला म्हणायचा, "अँटनी आन् त्याच्या दोस्ताचं, क्यूरिओचं काय होतं, सांग बरं."

"प्रेम होतं म्हणतात."

"कोन म्हनतं? सिसेरो. अँटनीचा वैरी. ज्या भाषणात म्हनला ते भाषणबी केलं न्हाई त्यानं, नुसतं लिहून सोडलं. त्या दोघांची एकमेकाला एक तरी चिठ्ठी हाय का?"

"नाही."

"मग खलास. म्हाईत न्हाई म्हनायचं."

आमच्याकडे, इथल्या कामगारांत, एक रीत आहे. माणूस गेला की त्याचं सामान कार्टनमध्ये भरायचं आणि घरी पाठवण्याआधी त्याचा फोन पुसायचा. कुणाचाही असो. आतलं वाचायचं नाही. मला त्याचा पिन माहीत होता. मी फोन पुसला. शर्टांच्या घड्या घातल्या. टेप लावली.

बालाजीचं त्याच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं. खिडकीजवळची खाट कुणाची, यावरून भांडण झालेलं. कार्टन गेल्यावर बालाजीनं रामेश्वरच्या गावी फोन करून सांगितलं, अबू हमूर भागातल्या घरांच्या एका कंपाउंडमध्ये रिसेप्शनवर नजमा आहे, रामेश्वरचं तिच्याशी काहीतरी होतं.

शुक्रवारी त्याच्या बायकोचा, कोमलवहिनींचा फोन आला.

"भाऊजी, ह्यांचा फोन कोरा काहून हाय?"

मी रीत सांगितली.

"त्यात नजमाचं काई होतं?"

"वहिनी, बालाजी त्याच्यावर खार खाऊन होता. त्याचं काय धरायचं?"

"बालाजीचं न्हाईच धरत मी. तो वैरीच व्हता. तुमी तर दोस्त. तुमी पुसलं."

"सगळ्यांचाच पुसतात."

"वाचलं व्हतं का आधी?"

"नाही."

"मग सांगा. व्हतं का न्हवतं?"

नव्हतं म्हणता आलं असतं. तो त्या कंपाउंडच्या एसीच्या तक्रारी नजमाकडूनच घ्यायचा, तिच्याबद्दल हसून बोलायचा. एवढंच मला ठाऊक.

"माहीत नाही, वहिनी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हंजे व्हतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. त्यांनी उचलला नाही.