एक झालेल्या मंडळ्यांत माझं लग्न

शहरात ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा तिसगावकडच्या आमच्या खेड्यात पेढे वाटले गेले. गावात दोन चर्च, मधे एक चिंच. आमच्याकडे कारभार पंचांचा. पलीकडे बिशपांचा, आणि पाळकांच्या अंगात झगा. एवढ्या फरकापायी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झाली नव्हती. आता ते संपलं, असं आमच्या पाळकांनी उपासनेत सांगितलं आणि मी ते खरं मानलं.

मी शाळेत शिकवत होते. पलीकडच्या मंडळीतल्या एका कंपाउंडरनं मला मागणी घातली. माझे वडील, अण्णा, हो म्हणाले. मग त्यांच्या पाळकांनी आम्हा बापलेकीला बोलावून घेतलं.

"मुलीचं दृढीकरण झालेलं नाही," ते म्हणाले. "बिशपांचा हात डोक्यावर पडल्याशिवाय आमच्या वेदीपुढं कसं उभं करू?"

अण्णांचा जन्म वाड्यावस्त्यांवर शुभवर्तमान सांगण्यात गेला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मग आमी इतकी वर्सं कोन हुतो?"

"तसं नाही हो. तुम्ही ख्रिस्तीच. पण रीत असते."

"आपण एक झालो ना?" मी विचारलं.

"वर झालोय, बाई. खाली यायला वेळ लागेल."

जणू एकी म्हणजे पाटाचं पाणी आणि आम्ही टेलचे, शेवटच्या टोकाचे शेतकरी.

आमचे पंच काही वेगळे नव्हते. ज्यांनी हौसेनं पेढे वाटले तेच घरी येऊन बजावून गेले, "बिशपाचा हात घेतला तर पोरीनं आपली मंडळी सोडली असं समजू."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. दोन्ही चर्चची माणसं दुष्काळी कामावर शेजारी बसून खडी फोडत. बिशप ते काम बघायला जीपनं आले, तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर त्यांना आमच्या लग्नाचं विचारलं. बिशप हसले. "लावा की लग्न. हात नंतर ठेवू."

लगेच पाळकांची रीत विरघळली. आदल्या रविवारी जे देवाच्या विरुद्ध होतं, ते जीप वळायच्या आत देवाला चालू लागलं.

लग्नात आशीर्वाद कोणी द्यायचा यावरून दोन्ही पाळक अडून बसले. शेवटी दोघांनी दिला, दुसऱ्यानं पहिल्यापेक्षा लांब. आमची शेजारीण, एका शेतकऱ्याची बायको, माझ्या कानाशी लागली. "तुमच्यात बी भावकी हाय व्हय? मला वाटलं, देव बदलला की सुटत आसंल."

लग्नानंतर मी दोन्हीकडून गेले. बिशपांचा हात अजून पडला नव्हता, तरी आमच्या पंचांनी मंडळीच्या यादीतून माझं नाव कमी केलं. पलीकडे पहिल्याच प्रभुभोजनाला मी नवऱ्याशेजारी गुडघे टेकले, तर पाळक त्यांना भाकर देऊन मला ओलांडून पुढं सरकले. मान खाली घालून मी तशीच राहिले.

नवऱ्यानं हातावरचा तुकडा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "घे," एवढंच म्हणाले. मी खाल्ला. पाळक प्याला घेऊन आले, थबकले, मागच्या बाकांकडे त्यांनी एक नजर टाकली आणि प्याला माझ्याही ओठांना लावला.

बिशपांचा हात माझ्या डोक्यावर कधीच पडला नाही. कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. त्यानंतर पाळक मला भाकर देत राहिले. त्यांचं मत बदललं होतं असं मला वाटत नाही. मागच्या बाकांवरून लोक बघत होते, एवढंच.